विश्लेषण : शेजारी देशाच्या अणुप्रकल्पाविरुद्ध रहिवाशांचा खटला, सरकारची मदत कितपत कामी येते?

अणुप्रकल्प एका देशात. त्याची वीज, रोजगार आणि उत्पन्नही त्याच देशाला. पण समुद्राच्या दुसऱ्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांच्या वाट्याला काय, तर केवळ धास्ती. आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील डंडॉक शहरातल्या चार रहिवाशांनी १९९४मध्ये या धास्तीला न्यायालयात वाट करून दिली. ब्रिटनमधील सेलाफील्ड अणुसंकुल चालवणाऱ्या ‘ब्रिटिश न्यूक्लिअर फ्युएल्स’ (बीएनएफएल) या सरकारी कंपनीविरुद्ध त्यांनी आयर्लंडच्याच न्यायालयात दावा दाखल केला. आपले रक्षण करण्यात कमी पडले, म्हणून आयर्लंड सरकारलाही त्यांनी प्रतिवादी केले. पुढे याच सरकारने या खटल्याला आर्थिक मदत देऊ केली. सेलाफील्डमधील वापरलेल्या इंधनावरची प्रक्रिया आता बंद झाली असली, तरी संकुलाच्या सफाईचे काम २१२५पर्यंत चालणार आहे. त्यामुळे सीमेपलीकडून येणाऱ्या धोक्याविरुद्ध सामान्य माणसाने दाद कोठे मागायची आणि त्याच्या सरकारने त्याला कितपत साथ द्यायची, हे प्रश्न आजही कायम आहेत.

सेलाफील्डमध्ये नेमके काय आहे?

इंग्लंडच्या वायव्येकडील कंब्रिया भागात, आयरिश समुद्राच्या काठावर हे संकुल आहे. आयर्लंडचा किनारा येथून जेमतेम १८० किलोमीटरवर आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियम तयार करण्याकरिता येथे अणुभट्ट्या बांधल्या गेल्या. तेव्हा या जागेचे नाव विंडस्केल होते. १० ऑक्टोबर १९५७ रोजी त्यातील एका भट्टीत आग लागल्याचे लक्षात आले. किरणोत्सारी आयोडिन हवेत पसरल्याने सुमारे ५०० चौरस किलोमीटर परिसरातील दूध ओतून द्यावे लागले. १९८१मध्ये संकुलाचे नाव बदलून सेलाफील्ड करण्यात आले.

सेलाफील्डचे मुख्य काम वीजनिर्मितीचे नव्हते, तर वापरलेल्या अणुइंधनातून युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळे काढण्याचे, म्हणजे पुनर्प्रक्रियेचे होते. या कामात तयार होणारे सौम्य किरणोत्सारी सांडपाणी वाहिनीद्वारे आयरिश समुद्रात सोडले जाई. १९७०च्या दशकात हे प्रमाण सर्वाधिक होते. १९८३मध्ये किरणोत्सारी द्रावण समुद्रात गेल्याने लगतचा किनारा लोकांसाठी बंद करावा लागला आणि त्याबद्दल कंपनीला पुढे दंड झाला. अशा पार्श्वभूमीवर ‘थॉर्प’ हा नवा, मोठा पुनर्प्रक्रिया प्रकल्प १९९४मध्ये सुरू झाला. इतर देशांचे वापरलेले इंधनही तेथे येणार होते. त्याच वर्षी डंडॉकचे रहिवासी न्यायालयात गेले.

डंडॉकवासीयांची भीती कितपत खरी होती?

या शहराच्या भीतीला एक जुना संदर्भ आहे. डंडॉकच्या एका शाळेत १९५०च्या दशकात शिकलेल्या मुलींपैकी काहींना पुढे डाउन सिंड्रोम असलेली मुले झाली. हे प्रमाण नेहमीपेक्षा जास्त असल्याचे १९८३मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकातील लेखात मांडले गेले आणि त्याचा संबंध १९५७च्या आगीशी असू शकेल, अशी शंका व्यक्त झाली. पुढे २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत मात्र असा संबंध दाखवणारा पुरावा मिळाला नाही. हा योगायोग असण्याचीच शक्यता अधिक असल्याचे संशोधकांचे मत पडले. पण एकदा मनात बसलेली शंका अशा निष्कर्षाने निघून जात नाही.

आयर्लंडच्या किरणोत्सार संरक्षण संस्थेच्या मोजमापांचे सूत्र गेली अनेक वर्षे एकच आहे. सेलाफील्डच्या नेहमीच्या सांडपाण्यामुळे आयरिश नागरिकाला मिळणारी किरणोत्साराची मात्रा, अगदी भरपूर मासे खाणाऱ्यालाही, नैसर्गिक किरणोत्साराच्या तुलनेत नगण्य आहे. आयर्लंडमध्ये सर्वाधिक किरणोत्सार मिळतो तो जमिनीतून घरात शिरणाऱ्या रेडॉन वायूतून.

मग भीती कशाची? ती आहे अपघाताची. पुनर्प्रक्रियेतून उरणारा अतितीव्र किरणोत्सारी द्रव कचरा टाक्यांत साठवून सतत थंड ठेवावा लागतो. तेथे मोठी दुर्घटना झाली आणि वारा पश्चिमेकडे असला, तर काय होईल? आयर्लंडच्या आर्थिक व सामाजिक संशोधन संस्थेने (ईएसआरआय) २०१६मध्ये वायव्य युरोपातील अणुअपघाताचा आयर्लंडला बसू शकणारा आर्थिक फटका अभ्यासला. किरणोत्सार आयर्लंडपर्यंत पोहोचलाच नाही, तरी केवळ बदनामीमुळे पर्यटन आणि खाद्यपदार्थांच्या निर्यातीचे सुमारे ४ अब्ज युरोंचे नुकसान होईल. सर्वांत वाईट स्थितीत ते १६१ अब्ज युरोंवर जाईल, असा तो अंदाज होता. दूध, लोणी आणि गोमांस जगभर विकणाऱ्या देशासाठी ही लहान बाब नाही.

न्यायालयीन लढाईची मुख्य अडचण नेमकी येथे आहे. झालेले नुकसान सिद्ध करणे कठीण आणि होऊ शकणारे नुकसान प्रचंड. नुकसानभरपाईचा कायदा पहिल्याची विचारणा करतो, लोकांना चिंता असते दुसऱ्याची.

ब्रिटिश कंपनीवर आयर्लंडमध्ये दावा कसा करता आला?

एरवी परदेशी कंपनीवर खटला भरायचा, तर तिच्या देशात जावे लागते. युरोपात मात्र दिवाणी दाव्यांसंबंधीच्या ब्रुसेल्स कराराने वेगळी वाट ठेवली होती. १९७६मध्ये युरोपीय न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात फ्रान्समधील पोटॅश खाणीने ऱ्हाइन नदीत सोडलेल्या क्षारांमुळे नेदरलँड्समधील रोपवाटिकेचे नुकसान झाले होते. प्रदूषण जेथे सुरू झाले तेथे किंवा नुकसान जेथे झाले तेथे, यांपैकी कोठेही दावा करण्याची मुभा पीडिताला आहे, असे न्यायालयाने ठरवले. डंडॉकच्या रहिवाशांचा युक्तिवाद याच वळणाचा होता. थॉर्पला परवानगी देताना युरोपीय नियमांनुसार पर्यावरणीय परिणामांचे मूल्यांकन झाले नाही, असाही त्यांचा आक्षेप होता.

हा खटला आयरिश न्यायालयात चालूच शकत नाही, अशी भूमिका बीएनएफएलने घेतली. हा आक्षेप सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९६मध्ये तो फेटाळला गेला. चार सामान्य नागरिकांसाठी हा मोठा विजय होता. पण खटला चालवता येईल, एवढेच त्यातून ठरले होते. तो जिंकण्यासाठी लागणारे पुरावे, तज्ज्ञ आणि पैसा यांचा प्रश्न त्यानंतर सुरू झाला.

प्रतिवादी असलेले सरकारच मदतीला का आले?

याची तीन कारणे दिसतात. पहिले राजकीय. सेलाफील्डला विरोध हा आयर्लंडमध्ये सर्वपक्षीय मुद्दा आहे. आयर्लंडने स्वतः अणुऊर्जा नाकारली. १९७०च्या दशकाच्या अखेरीस कार्न्सोर पॉइंट येथे अणुप्रकल्प उभारण्याचा बेत लोकांच्या विरोधापुढे बारगळला आणि १९९९च्या कायद्याने अणुविखंडनातून वीजनिर्मितीवर बंदीच आली. अशा देशात चार नागरिक बलाढ्य ब्रिटिश कंपनीशी झुंजत असताना सरकारला बाजूला उभे राहून पाहणे परवडणारे नव्हते.

दुसरे कारण पुराव्याचे. ब्रिटनला थेट न्यायालयात खेचण्याची मागणी आयर्लंडमध्ये वारंवार होत असे आणि भक्कम पुरावा हाती असल्याशिवाय तसे करता येणार नाही, असे उत्तर एकामागून एक आलेली सरकारे देत. खासगी खटल्यात प्रतिपक्षाला कागदपत्रे उघड करायला लावता येतात. म्हणजे रहिवाशांच्या खटल्यातून जी माहिती बाहेर येईल, ती सरकारलाही उपयोगी पडणार होती.

तिसरे कारण राजनैतिक. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात दोन्ही देश उत्तर आयर्लंडच्या शांतता प्रक्रियेत गुंतले होते आणि १९९८मध्ये गुड फ्रायडे करार झाला. त्या काळात डब्लिनने लंडनवर थेट खटला भरणे अवघड होते. नागरिकांचा खटला पुढे सरकला, तर दबाव कायम राहील आणि दोन सरकारांतील संबंधही बिघडणार नाहीत, असा हिशेब करणे स्वाभाविक होते. टीकाकारांच्या दृष्टीने मात्र ही रहिवाशांच्या खांद्यावरून बंदूक चालवण्याचीच तऱ्हा होती.

मग ही मदत अपुरी का पडली?

कारण तिच्या मुळातच अडचण होती. सरकार स्वतः खटल्यात प्रतिवादी असल्याने वादींना सढळ हाताने पैसे देणे म्हणजे आपल्याच विरुद्धच्या वकिलांची फी भरण्यासारखे होते. त्यामुळे मदतीचा भर संशोधन आणि कागदपत्रांच्या छाननीच्या खर्चावर राहिला. खटला हरल्यास समोरच्याचा खर्च भरून देण्याचा धोका मात्र वादींच्या डोक्यावर होता. आयरिश न्यायव्यवस्थेत हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च सोसावा, हा सर्वसाधारण नियम आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. येथे तर समोर एका देशाच्या सरकारी मालकीची कंपनी होती.

खटला वर्षानुवर्षे प्राथमिक मुद्द्यांतच फिरत राहिला. कोणती कागदपत्रे द्यायची, ब्रिटिश सरकारने थॉर्पला दिलेल्या परवानगीची वैधता आयरिश न्यायाधीशांनी तपासायची का, असे ते मुद्दे होते. सेलाफील्डमुळे आयरिश नागरिकांच्या हक्कांना बाधा पोहोचते का, या मूळ प्रश्नावर निकाल कधीच लागला नाही. २०१८च्या नोव्हेंबरमध्ये थॉर्प बंद पडला. त्यामागे न्यायालयाचा आदेश नव्हता. परदेशी ग्राहक कमी होत गेल्याने त्याचा धंदाच आटला होता.

आयर्लंड सरकार स्वतः मैदानात उतरले तेव्हा काय झाले?

सेलाफील्डमध्ये प्लुटोनियममिश्रित ‘मॉक्स’ इंधन बनवणाऱ्या प्रकल्पाला ब्रिटनने २००१मध्ये परवानगी दिली, तेव्हा आयर्लंडने दोन आघाड्या उघडल्या. ईशान्य अटलांटिकच्या संरक्षणासाठीच्या ‘ओस्पार’ कराराखाली त्याने मॉक्सच्या आर्थिक अहवालातील झाकलेली माहिती मागितली. ही माहिती करारात सांगितलेल्या व्याख्येत बसत नाही, असे म्हणत लवादाने जुलै २००३मध्ये ती मागणी फेटाळली.

दुसरी आघाडी संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याची. हॅम्बुर्ग येथील आंतरराष्ट्रीय सागरी न्यायाधिकरणाने ३ डिसेंबर २००१ रोजी प्रकल्प थांबवण्यास नकार दिला, पण दोन्ही देशांनी माहितीची देवाणघेवाण करावी आणि धोक्यांवर सहकार्याने नजर ठेवावी, असा आदेश दिला. मुख्य सुनावणी लवादापुढे व्हायची होती. तेव्हा युरोपीय आयोगच आयर्लंडविरुद्ध न्यायालयात गेला. युरोपीय संघाच्या दोन सदस्यांतील वाद संघाच्या न्यायालयाबाहेर नेणे हाच नियमभंग आहे, असा निकाल युरोपीय न्यायालयाने ३० मे २००६ रोजी दिला. प्रदूषणाची तक्रार घेऊन गेलेला देशच दोषी ठरला आणि आयर्लंडला दावा मागे घ्यावा लागला.

इतर देशांनी कोणते मार्ग वापरले?

ऑस्ट्रियात १९७८च्या सार्वमतात ५०.४७ टक्के मतदारांनी झ्वेंटेनडॉर्फ येथील बांधून तयार असलेला अणुप्रकल्प नाकारला. त्यामुळे सीमेजवळच्या चेक प्रजासत्ताकात टेमेलिन प्रकल्प सुरू झाला, तेव्हा तेथे संताप उसळणे अपेक्षितच होते. अप्पर ऑस्ट्रिया या प्रांताच्या सरकारने नागरिकांच्या मागे उभे राहण्याऐवजी स्वतःच ‘शेजारी’ होण्याची युक्ती केली. टेमेलिनपासून सुमारे ६० किलोमीटरवर या प्रांताच्या मालकीची शेतजमीन आणि कृषी शाळा आहे. जमिनीचा मालक म्हणून त्याने लिंझच्या न्यायालयात उपद्रव थांबवण्याचा दावा केला. पण युरोपीय न्यायालयाने २००९मध्ये सांगितले, की ऑस्ट्रियातील अधिकृत प्रकल्पांना कायद्याचे जे संरक्षण मिळते, ते दुसऱ्या सदस्य देशातील रीतसर परवानगी असलेल्या अणुप्रकल्पाला नाकारता येणार नाही. हा मार्गही तेथे खुंटला.

जर्मनीतील आखेनने आणखी निराळी वाट धरली. बेल्जियममधील तिहांज येथील दुसऱ्या अणुभट्टीच्या दाबपात्रात २०१२मध्ये हजारो सूक्ष्म भेगा आढळल्या होत्या. आखेनच्या प्रादेशिक प्रशासनाने जर्मनी, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्गमधील पालिका व नागरिकांना सोबत घेऊन थेट बेल्जियमच्या न्यायालयात धाव घेतली. २०१७मध्ये आखेनमध्ये आयोडिनच्या गोळ्यांचे वाटपही झाले. ब्रुसेल्सच्या न्यायालयाने २०२०मध्ये दावा फेटाळला. ती भट्टी बंद झाली ती २०२३च्या जानेवारीअखेर, बेल्जियमच्या स्वतःच्या अणुऊर्जा-निवृत्ती कायद्यानुसार.

रहिवाशांना पैसे देणे, स्वतः जमीनमालक म्हणून उभे राहणे, प्रकल्पाच्या देशात जाऊन दाद मागणे, असे हे तीन मार्ग. तिन्हींत न्यायालयाच्या आदेशाने प्रकल्प बंद झाला नाही.

मग या लढायांतून मिळाले काय?

निकाल हाच निकष लावला तर काहीच नाही. पण शेजाऱ्यांचे वागणे बदलले का, असे विचारले तर उत्तर वेगळे येते. १९९८मध्ये ओस्पार देशांनी किरणोत्सारी सांडपाणी टप्प्याटप्प्याने जवळपास शून्यावर आणण्याचे पोर्तुगालमधील सिंत्रा येथे मान्य केले. त्या काळी आयरिश समुद्रातील शेवंडांत टेक्नेशियम-९९चे प्रमाण वाढले होते. आयर्लंड आणि नॉर्वेच्या दबावानंतर ब्रिटनने प्रक्रियेत बदल केला आणि २००४पासून हे उत्सर्जन मोठ्या प्रमाणात घटले. त्याच सुमारास झालेल्या समझोत्यामुळे आयरिश तज्ज्ञांना ब्रिटनच्या किरणोत्सार नोंदींची माहिती थेट मिळू लागली आणि आयरिश पोलिसांना सेलाफील्डला भेट देण्याची सोय झाली. २००१पूर्वी गुपित म्हणून झाकली जाणारी माहिती हळूहळू नेहमीच्या सरकारी संपर्काचा भाग बनली.

यात न्यायालयाइतकाच रस्त्यावरच्या लोकमताचा वाटा होता. २००२मध्ये आयर्लंड सरकारने प्रत्येक घरात आयोडिनच्या गोळ्या पाठवल्या. त्याच वर्षी दहा लाखांहून अधिक आयरिश नागरिकांनी सेलाफील्ड बंद करा, अशी पोस्टकार्डे ब्रिटनला धाडली. तेव्हा देशाची लोकसंख्या ४० लाखांच्या आसपास होती, हे लक्षात घेतले तर या संख्येचे वजन कळते.

ब्रेग्झिटनंतर चित्र कसे बदलले?

ब्रिटन २०२०मध्ये युरोपीय संघ आणि युरोपीय अणुऊर्जा समुदायातून बाहेर पडला. त्यामुळे दोन गोष्टी उलटसुलट झाल्या. ज्या नियमांच्या आधारे परदेशी कंपनीला आयरिश न्यायालयात उभे करता येत होते, ते ब्रिटनला आता लागू नाहीत. परदेशी निकालांच्या अंमलबजावणीसंबंधीच्या हेगच्या २०१९च्या करारातही अणुहानीची जबाबदारी वगळलेली आहे. म्हणजे नागरिकांची वाट अरुंद झाली. दुसरीकडे, २००६मध्ये ज्या कारणामुळे आयर्लंडला सागरी लवादातून माघार घ्यावी लागली, ते कारणही उरले नाही. सरकारसाठी ती वाट पुन्हा खुली होऊ शकते.

आणि प्रश्न संपलेला नाही. सेलाफील्डमध्ये सुमारे १४० टन प्लुटोनियम साठले आहे. सफाईचा खर्च १३६ अब्ज पौंडांवर जाईल, असा अंदाज ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०२४मध्ये नोंदवला. जुन्या साठवण टाक्यांतून गळती होत असल्याचे ब्रिटिश यंत्रणाच मान्य करतात. शिवाय आयर्लंडची ‘अणुमुक्त’ वीज व्यवस्था समुद्राखालच्या तारांनी ब्रिटनच्या ग्रिडशी जोडलेली आहे, आणि त्या ग्रिडमध्ये अणुवीजही असते.

डंडॉकच्या खटल्याचा धडा यातून निघतो. शेजारी देशाचा अणुप्रकल्प नागरिकांच्या खटल्याने बंद पडत नाही, पण तो खटला उभा राहिला नाही तर सरकारलाही बोलावेसे वाटत नाही. रहिवाशांना मदत करायची, तर वकिलांच्या फीपेक्षा तीन गोष्टी अधिक मोलाच्या ठरतात : स्वतंत्र मोजमाप, कागदपत्रे मिळवण्यासाठी सरकारी वजन आणि हरल्यास खर्चाची हमी. पहिली गोष्ट आयर्लंडने चोख केली, दुसरी उशिरा मिळवली. तिसरीचे ओझे मात्र चार रहिवाशांनाच वाहावे लागले.